पायात ब्रेस, डोळ्यांत झोप

शेवटचे प्लास्टर निघते तो दिवस घरात सणासारखा असतो. जन्मत: आत वळलेले बाळाचे पाऊल आता सरळ दिसत असते, आजी ते हातात घेऊन पुन:पुन्हा निरखते, आईच्या मनावरचे कित्येक आठवड्यांचे ओझे उतरते. त्याच दिवशी डॉक्टर बाळाच्या पायांत दोन लहानसे बूट घालतात आणि ते एका आडव्या दांडीला जोडतात. 'हे आता दिवसाचे २३ तास घालायचे,' असे सांगितले जाते. पालक मान डोलावतात आणि घरी येतात. मग पहिली रात्र येते.

बाळ एक पाय झाडायला जाते आणि दोन्ही पाय एकदम उचलले जातात. दांडी पाळण्याच्या कठड्यावर आपटते. बाळ दचकते, रडू लागते. बारा वाजतात, एक वाजतो. शेजाऱ्यांची झोपमोड होईल या धास्तीने आई त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत राहते. अखेर घरातले कोणीतरी म्हणते, 'पाऊल तर सरळ झाले आहे, मग कशाला त्या जिवाला छळता? रात्रीपुरते काढा.' ब्रेस निघतो, बाळ झोपते, घरही झोपते. दुसऱ्या रात्री तेच घडते, तिसऱ्या रात्री ब्रेस कपाटात जातो. काही आठवड्यांनी पाऊल पुन्हा आत वळू लागल्याचे लक्षात येते, आणि प्लास्टरचा सारा प्रवास पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

क्लबफूटच्या उपचारातील सर्वांत नाजूक टप्पा हा असा रात्रीच्या अंधारात, डॉक्टरांच्या नजरेआड येतो. प्लास्टर घालणे हे तज्ज्ञाचे काम आहे. ब्रेस टिकवणे हे घराचे काम आहे, आणि ते प्रामुख्याने बाळाच्या झोपेवर अवलंबून आहे. म्हणूनच ब्रेस घालून बाळाला सुखाने झोपवणे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. तो उपचाराचाच एक भाग ठरतो.

व्यंग कशाने, उपचार कोणता?

साधारणत: हजार नवजात बालकांमागे एकाला हे व्यंग असते. मुलींपेक्षा मुलांत ते सुमारे दुपटीने आढळते आणि जवळजवळ निम्म्या बालकांत दोन्ही पावले वळलेली असतात. टाच वर ओढलेली, पाऊल आत आणि खाली वळलेले, तळवा एकमेकांकडे पाहणारा, असे त्याचे रूप असते. गरोदरपणी आईने ग्रहण पाहिले, ग्रहणात काही चिरले किंवा कापले, म्हणून असे मूल जन्मले, असा समज आपल्याकडे आजही अनेक घरांत बोलून दाखवला जातो. त्यात काहीही तथ्य नाही. बहुसंख्य बालकांत या व्यंगाचे एकच एक कारण सांगता येत नाही. आनुवंशिकतेचा काही वाटा असतो, एवढे निश्चित आहे. आईच्या हातून काही चूक झाल्याने हे घडत नाही. ही गोष्ट घरातल्या सर्वांनी पहिल्याच दिवशी समजून घेतली, तर पुढच्या जागरणांत तिच्यावरचा निम्मा भार हलका होतो.

आज जगभर या व्यंगासाठी पॉन्सेटी पद्धत प्रथम पसंतीची मानली जाते. स्पेनमधील मिनोर्का बेटावर १९१४ साली जन्मलेले डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात ही पद्धत विकसित केली. मोठ्या शस्त्रक्रियेने सरळ केलेली पावले पुढे ताठर आणि दुखरी होतात, असे त्यांच्या निदर्शनास आले होते. १९६३ साली त्यांनी आपल्या उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. परंतु वैद्यकविश्वाने त्यांची खरी दखल घ्यायला आणखी तीन दशके लागली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटवरून एकमेकांना माहिती देणाऱ्या पालकांनी या पद्धतीचा प्रसार केला, हे विशेष. डॉ. पॉन्सेटी २००९ साली निवर्तले. ३ जून हा त्यांचा जन्मदिवस जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो.

या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे थोडे वळवून पायाच्या बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घातले जाते. साधारण पाच ते सात प्लास्टरांत पाऊल जागेवर येते. बहुतेक बालकांत टाचेची ताठर शीर एका लहानशा छेदाने मोकळी करावी लागते. त्यानंतरचे शेवटचे प्लास्टर तीन आठवडे राहते. ते निघाले की ब्रेसचा काळ सुरू होतो, आणि तो थेट चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालतो.

सरळ झालेल्या पावलाला ब्रेस कशासाठी?

ब्रेस पाऊल सरळ करत नाही; सरळ झालेले पाऊल सरळ ठेवतो. हा फरक न कळल्यामुळे ब्रेस अनावश्यक वाटू लागतो. ज्या स्नायूंनी आणि अस्थिबंधांनी पाऊल आत ओढले होते, त्यांचा मूळ कल प्लास्टरने नाहीसा होत नाही. पहिल्या काही वर्षांत पाऊल झपाट्याने वाढते आणि त्या वाढीबरोबर ते पुन्हा आत वळू पाहते. म्हणून या काळात त्याला बाहेरच्या दिशेने धरून ठेवावे लागते.

त्यासाठी व्यंग असलेले पाऊल ६० ते ७० अंश बाहेर वळवून बुटात बसवतात. एकच पाऊल वळलेले असेल तर निरोगी पाऊल ३० ते ४० अंशांवर ठेवले जाते. दोन्ही बूट जोडणाऱ्या दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी असावी लागते. निरोगी पावलालाही बूट का, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. एकट्या पायाला बांधलेला बूट बाळ गुडघा आणि मांडी फिरवून आत वळवू शकते. दांडीने दोन्ही पाय जोडले की ती पळवाट राहत नाही.

पहिले तीन महिने ब्रेस दिवसाचे २३ तास असतो. उरलेला एक तास आंघोळ, मालिश आणि डॉक्टरांनी शिकवलेले पावलाचे व्यायाम यांसाठी. त्यानंतर तो रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास घालायचा. संध्याकाळी आठ ते सकाळी सात हे अकरा तास आणि दुपारचे दोन, असा हिशेब सहज जमतो. म्हणजे तीन महिन्यांनंतर ब्रेसचे जवळजवळ सगळे तास हे झोपेचेच तास असतात. बाळ ब्रेसमध्ये झोपले नाही, तर ब्रेस घातलाच गेला नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

पॉन्सेटी पद्धतीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत दिलेले आकडे बोलके आहेत. ब्रेस नियमाने वापरणाऱ्या कुटुंबांत पाऊल पुन्हा वळण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के असते. न वापरणाऱ्यांत ते ८० टक्क्यांहून अधिक असते. दोन-चार रात्रींच्या रडण्याचा विचार करताना हे दोन आकडे डोळ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे.

बाळ का रडते?

ब्रेस नीट बसलेला असेल तर तो दुखत नाही. पाऊल आधीच त्या स्थितीत आलेले असते. शेवटच्या प्लास्टरमध्ये ते तीन आठवडे तसेच होते. मग बाळ रडते कशाने?

पहिले कारण म्हणजे नवलाई. प्लास्टर जड असले तरी दोन्ही पाय वेगवेगळे हलत होते. आता ते एकत्र हलतात, आणि एक पाय झाडण्याची बाळाची सवय निरुपयोगी ठरते. दोन्ही पाय एकदम उचलता येतात, हे त्याला कळायला सर्वसाधारणपणे एक-दोन दिवस लागतात. दुसरे कारण म्हणजे प्लास्टरमधून निघालेली कोवळी कातडी. तिला मोजे, चामडे, पट्टा हे सारेच स्पर्श नवे असतात. तिसरे कारण ब्रेसमधल्या एखाद्या खऱ्याखुऱ्या दोषाचे असते: टाच बुटात खाली टेकलेली नसणे, मोज्याला चुणी पडणे, किंवा दांडी खांद्यांपेक्षा अरुंद असणे. अरुंद दांडीत पाय अवघडतात आणि बाळ चैन पडू देत नाही.

चौथे कारण ब्रेसशी संबंधित नसतेच. दोन-तीन महिन्यांचे कोणतेही बाळ रात्रीतून अनेकदा उठते. भूक, ओले लंगोट, पोटातला वात, पुढे दातांची शिवशिव यांमुळे ज्यांच्या पायांत काहीही नसते, ती बाळेही रडतात. परंतु ब्रेस डोळ्यांसमोर असल्याने प्रत्येक रडण्याचे खापर त्याच्यावर फोडले जाते. ही नोंद मनाशी ठेवली तर पालकांचा निर्णय अनेकदा बदलतो.

टाच टेकली तर झोप लागेल

रात्रीच्या झोपेची तयारी ब्रेस चढवतानाच सुरू होते. बाळ भुकेने किंवा झोपेने हैराण झालेले असताना ब्रेस घालायला घेऊ नये. झटापटीत बूट वाकडा बसतो आणि रात्रभर त्रास देतो. झोपेच्या अर्धा तास आधी, बाळ प्रसन्न असताना तो घालावा.

आधी पातळ, सुती, बुटाच्या काठाच्या वरपर्यंत येणारे मोजे घालावेत. मोज्याची शिवण बोटांना टोचत असेल तर मोजा उलटा घालणे हा साधा उपाय आहे. अधिक वळलेल्या पावलाचा बूट आधी घालावा, कारण एक बूट बसला की बाळ पाय झाडताना दुसऱ्या बुटात आपोआप पाय सारते. गुडघा काटकोनात दुमडून धरला की पोटरी सैल पडते आणि टाच सहज खाली उतरते. टाच तळाशी टेकवून धरावी आणि सर्वांत आधी घोट्यापुढचा आडवा पट्टा आवळावा. टाच जागेवर धरण्याचे मुख्य काम हा पट्टा करतो. नाड्या किंवा इतर बक्कले त्यानंतर.

टाच टेकली की नाही हे पाहण्यासाठी काही बुटांना टाचेजवळ लहानशी खिडकी ठेवलेली असते. ती नसेल तर पोटरी धरून हलकेच पुढे-मागे ओढून पाहावी. बोटे बुटात मागे-पुढे सरकली तर टाच वर उचललेली आहे असे समजावे. पाऊल नीट बसलेले असताना बोटे कुठवर येतात, तिथे बुटाच्या आतल्या तळावर पेनाने रेघ मारून ठेवली तर रात्रीच्या मंद दिव्यातही तपासणी सोपी होते.

पट्टा सैल ठेवला तर बाळाला बरे वाटेल, हा पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. सैल बुटात पाऊल वरखाली घासते, टाचेला फोड येतात आणि दुसऱ्या दिवशी खरेच दुखू लागते. मात्र बोटे निळसर, थंड किंवा सुजलेली दिसली तर पट्टा अति आवळला गेला आहे, असे समजून तो लगेच सैल करून पुन्हा बांधावा.

झोपेआधीचा अर्धा तास

ब्रेस घातल्यावर बाळाला लगेच पाळण्यात टाकण्याऐवजी त्याच्याशी थोडे खेळावे. दांडी मध्यभागी धरून हलकेच पोटाकडे ढकलावी आणि पुन्हा ओढावी. दोन्ही गुडघे एकत्र वाकतात आणि सरळ होतात. तोंडाने एखादे बडबडगीत म्हणत हा खेळ दिवसातून चार-पाच वेळा केला तर पाय एकत्र हलवण्याची युक्ती बाळाला लवकर साधते. ती साधली की रात्रीचे रडणे पुष्कळ कमी होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

त्यानंतर दूध, मंद प्रकाश, अंगाई, झोप, असा क्रम रोज एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने चालावा. 'झोपायचे म्हणजे ब्रेस घालायचा' ही सांगड या वयात बसली की दोन-तीन वर्षांच्या मुलाला समजावण्याचे कष्ट वाचतात. दात घासणे जसे वाटाघाटीचा विषय नसते, तसाच ब्रेसही नसावा.

आपल्या घरांतील काही प्रथांना मात्र थोडी मुरड घालावी लागते. तेलाने मालिश करायची तर ती ब्रेस काढलेल्या तासात, आंघोळीपूर्वी करावी, आणि पावले धुऊन पूर्ण कोरडी झाल्याशिवाय बूट चढवू नयेत. तेल, साय, लोशन किंवा पावडर लावून बूट घातला तर पाऊल आत घसरते आणि कातडी मऊ पडून सोलवटते. बूट घालण्यापूर्वी बोटांच्या बेचक्या पुसण्यास विसरू नये.

दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची पद्धत ब्रेसबरोबर जमत नाही. पाय मोकळेच हवेत. दांडीसकट पाय आवळले की बाळ अवघडते. अगदी लहान बाळाला छातीपुरते गुंडाळण्यास हरकत नाही, परंतु ते कुशीवर वळू लागले की तेही थांबवावे. साडीची झोळी हा अनेक घरांचा हुकमी उपाय. पण झोळीत दांडी कापडात अडकते, पाय एका बाजूला पिळले जातात आणि हनुवटी छातीवर टेकून श्वासाला अडथळा होण्याची भीती असते. त्याऐवजी सपाट, टणक तळाचा रुंद पाळणा किंवा जमिनीवर अंथरलेली घट्ट गादी अधिक सुरक्षित. बाळाला उताणे झोपवावे. दांडीला आधार म्हणून उशा, लोड किंवा गुंडाळलेल्या चादरी आजूबाजूला रचू नयेत. त्या तोंडावर येण्याचा धोका असतो. पुढे बाळ स्वत:च दांडीसकट कुशीवर वळायला शिकते.

दांडी कठड्यावर आपटून होणारा आवाज आणि धक्का बाळाला वारंवार जागे करतो. दांडीवर सायकलच्या मुठीचा फोम किंवा जाड मऊ कापड घट्ट गुंडाळून शिवून टाकले तर बाळाची झोप, पालकांच्या नडग्या आणि घरातले लाकडी सामान या तिन्हींचे रक्षण होते.

कपडे निवडतानाही विचार करावा. खालून उघडणारी झबली, फ्रॉक किंवा मांड्यांपाशी बटणे असलेले कपडे रात्री सोयीचे, कारण लंगोट बदलताना ब्रेस काढावा लागत नाही. दांडी मध्यभागी धरून दोन्ही पाय एकदम अलगद उचलले की काम सोपे होते. पायजमा घालायचाच असेल तर तो बुटांच्या आधी घालावा लागतो. मुंबई-कोकणातील दमट उकाड्यात मोजे आणि चामड्याचे बूट यांमुळे पावलांना घाम सुटतो. अशा वेळी बाकी अंगावर एकच पातळ सुती थर पुरे. मोजे रोज, आणि पावसाळ्यात गरज पडल्यास दोनदा बदलावेत. ओलसर मोज्यावर बूट कधीही घालू नये.

बाळाला गाढ झोप लागावी म्हणून सहाणेवर जायफळाचे वळसे वाढवणे किंवा सर्दीचे औषध पाजणे हा मार्ग मात्र कटाक्षाने टाळावा. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला येथेही लागू आहे. गुंगीने झोपलेल्या बाळाला बूट लागत असेल, तर ते सांगण्याचे त्याचे एकमेव साधन, म्हणजे रडणे, आपण काढून घेतो.

मध्यरात्री बाळ उठले तर

अशा वेळी प्रथम नेहमीची कारणे पाहावीत: भूक, लंगोट, उकाडा, वात. त्यानंतर बोटांचा रंग आणि टाच तपासावी. टाच वर सरकली असेल तर ब्रेस काढून, मोजा सारखा करून, तो लगेच पुन्हा घालावा. सारे ठीक असेल तर ब्रेस न काढता बाळाला जवळ घ्यावे, पाजावे, थोपटावे. ब्रेस घातलेल्या बाळाला पाजता येते, खांद्यावर घेता येते, कडेवरही घेता येते. आईच्या अंगावर दांडी टोचू नये म्हणून मध्ये एखादे दुपटे ठेवले की झाले.

रडले की ब्रेस निघतो, हे बाळाला एकदा उमगले तर ते पुढच्या रात्री अधिक जोराने रडते. म्हणून तपासणीसाठी काढणे आणि रडण्याला कंटाळून काढणे यांत पालकांनी भेद करावा. पहिल्यात ब्रेस काही मिनिटांत परत पायात असतो. दुसऱ्यात तो सकाळपर्यंत बाहेर राहतो.

रात्रीची जबाबदारी एकट्या आईवर टाकू नये. ब्रेस चढवायला वडील, आजी, आजोबा, दिवसा सांभाळणाऱ्या बाई, सर्वांनीच शिकावे. पहिल्या आठवड्यात आळीपाळीने जागण्याची व्यवस्था असेल तर 'आज एक रात्र राहू दे' हा मोह टळतो. घरातील वडीलधाऱ्यांना पुढच्या तपासणीला सोबत नेऊन डॉक्टरांकडूनच ब्रेसचे कारण ऐकवले, तर घरातला निम्मा विरोध मावळतो.

लाली, फोड आणि डॉक्टरांची भेट

सुरुवातीला कातडीवर थोडी लाली येणे स्वाभाविक आहे. ब्रेस काढल्यावर ती साधारण अर्ध्या तासात ओसरली पाहिजे. सावळ्या कातडीवर लाली चटकन ओळखू येत नाही. तेथे कातडी गडद, गरम किंवा चकचकीत दिसते का, हे पाहावे. पहिल्या काही दिवसांत दिवसातून दोन-तीन वेळा पावले उघडून तपासणे हिताचे असते. टाचेच्या मागे लालभडक डाग किंवा फोड दिसला तर बूट सैल बसतो आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. त्यावर मलम चोपडून ब्रेस बंद ठेवण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे. पट्टा, बूट किंवा मोजा यांत बदल करून प्रश्न सुटतो.

काही खुणा मात्र थांबण्याच्या नसतात. तीन-चार दिवसांनंतरही बाळ ब्रेस घातल्याबरोबर कळवळून रडत असेल, टाच काही केल्या खाली टेकत नसेल, पाऊल पूर्वीसारखे बाहेर वळत नसेल, बाळ वारंवार बुटातून पाय सोडवून घेत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. पाऊल पुन्हा वळू लागल्याची ती पहिली चाहूल असू शकते. अशा पावलाला बळजबरीने ब्रेसमध्ये कोंबून उपयोग नसतो. वेळीच दाखवले तर सहसा एक-दोन प्लास्टरांत ते पुन्हा जागेवर येते आणि ब्रेस पुन्हा सुखाने बसतो.

बोटे बुटाच्या काठाबाहेर दुमडू लागली की मोठा बूट घ्यावा. बाळ वाढते तशी दांडीची लांबीही वाढवावी लागते. दांडीचे स्क्रू झोपेत पाय आपटून सैल होतात. आठवड्यातून एकदा ते आवळावेत. एकाएकी वाढलेल्या रात्रीच्या कुरकुरीमागे अनेकदा असा एखादा सैल स्क्रू किंवा लहान झालेला बूट निघतो.

तीन महिन्यांनंतर

२३ तासांचा काळ संपला की घराला उसंत मिळते. दिवसभर पाय मोकळे असतात. बाळ रांगते, उभे राहते, चालते. ब्रेसमुळे चालणे फारसे लांबत नाही. परंतु खरी कसोटी याच टप्प्यावर लागते. पाऊल निरोगी दिसते, मूल धावू लागते, आणि लग्नसमारंभ, गावची जत्रा, सुट्टीतला प्रवास यांत 'दोन दिवस' ब्रेस घरी राहतो. ते दोन दिवस पंधरा दिवसांवर गेले की बूट पायात शिरत नाही. म्हणून प्रवासाच्या पिशवीत दुधाच्या भांड्याइतकेच अढळ स्थान ब्रेसला हवे. एरवीचे ताप-सर्दीचे दिवस आणि लसीकरण यांसाठी ब्रेस बंद ठेवण्याची सहसा गरज पडत नाही. शंका वाटल्यास डॉक्टरांना विचारावे.

दीड-दोन वर्षांचे मूल स्वत:च बक्कल सोडायला शिकते. काही पालक अशा वेळी बुटांवरून मोठे मोजे चढवतात. बाहुलीच्या पायालाही कापडाची पट्टी बांधून तिला शेजारी झोपवणे, कोणता मोजा घालायचा हे मुलाला निवडू देणे, अशा लहान युक्त्यांनी विरोध मावळतो. मूल जागे असताना विरोध करत असेल तर ते झोपल्यावर ब्रेस घालणे हा तात्पुरता मार्ग आहे. मात्र गाढ झोपेतही टाच तपासण्यात कसूर नको.

हे उपचार केवळ पैसेवाल्यांसाठी आहेत, असेही नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. या कार्यक्रमांतर्गत जन्मत:च्या व्यंगांची तपासणी आणि पुढील उपचार मोफत मिळतात. युगांडात विकसित झालेला, साध्या चामड्याचा आणि पोलादाचा स्टीनबीक ब्रेस भारतातही मोठ्या प्रमाणावर वापरला जातो आणि महागड्या परदेशी ब्रेसचेच काम करतो. ब्रेस किती किमतीचा आहे यापेक्षा तो रात्री किती तास पायात राहिला, याला महत्त्व आहे.

पहिल्या आठवड्यात ही सारी यातायात न संपणारी वाटते. परंतु बहुतेक घरांत काही दिवसांतच चित्र पालटते. बाळ दोन्ही पाय एकत्र उचलून दांडी गादीवर आपटण्यात मजा घेऊ लागते, दांडीसकट कुशीवर वळते, आणि कित्येक मुले पुढे ब्रेस घातल्याशिवाय झोपेला तयार होत नाहीत. तोवर पालकांनी एवढेच लक्षात ठेवावे की रात्री दोन वाजता बाळाला शांत करण्याचे अनेक मार्ग आहेत आणि ब्रेस काढून ठेवणे हा त्यांपैकी एक नाही. या वर्षांतल्या जागरणांची आठवण मुलाला राहणार नाही. शाळेच्या मैदानावर धावताना आपली पावले कधी आत वळलेली होती, हेही त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.